थेंबाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

फाल्गुन सरत आला, झाडांना नवा मोहोर फुटूं लागला, कीं कित्येक घरांत एक नेहमींचा देखावा दिसूं लागतो. शाळेंतून परतलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा दप्तर एका कोपऱ्यांत टाकतो आणि दोन्ही मुठींनीं डोळे चोळूं लागतो. डोळे लाल झालेले असतात, पापण्या किंचित् सुजलेल्या असतात, आणि पाणी सारखें वाहत असतें. आई ओरडते, "अरे, चोळूं नकोस!" परंतु खाज कोणाच्या आज्ञेंत राहत नाहीं. संध्याकाळीं वडील कचेरींतून परततांना औषधांच्या दुकानांत डोकावतात आणि म्हणतात, "मुलाच्या डोळ्यांना खाज सुटली आहे, कांहीं थेंब द्या." दुकानदार त्यांच्यापुढें तीन-चार बाटल्या मांडतो. एक लहान, एक मोठी. एक महाग, एक स्वस्त. वडील छापील किंमत पाहतात आणि मनाशीं म्हणतात, "मोठी आणि स्वस्त, तीच बरी."

हा निर्णय दिसतो तितका शहाणपणाचा आहे काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

घरांतील गृहिणी इतर जिन्नस अशा रीतीनें घेत नाहीं. कोणता साबण पाण्यांत विरघळून जातो आणि कोणता महिनाभर पुरतो, कोणत्या डाळीला शिजावयास दुप्पट इंधन लागतें, हें तिला अनुभवानें ठाऊक असतें. वडीची किंमत निराळी आणि एका धुण्याची किंमत निराळी, हा भेद तिला कोणी शिकवावा लागत नाहीं. हाच भेद औषधाच्या दुकानांत मात्र विसरला जातो. तेथें बाटलीची किंमत पाहिली जाते. फार तर बाटलीवरचे मिलिलिटर पाहिले जातात. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न एकच असतो: दोन डोळ्यांना एका दिवसाचा आराम मिळावयास किती पैसे पडले? बाटली हें केवळ भांडें आहे. खरेदी आरामाची आहे.

हा हिशेब मांडण्यापूर्वीं विकाराची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. डोळ्यांची ॲलर्जी हा सांथीचा रोग नव्हे; तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. फुलांचे व गवतांचे पराग, घरांतील धूळ, त्या धुळींत राहणारे डोळ्यांस न दिसणारे कीटक, पाळीव जनावरांच्या अंगावरील कोंडा, बुरशी, अशा एरव्हीं निरुपद्रवी वस्तूंना कांहीं जणांचें शरीर शत्रु मानतें. पुण्याच्या परिसरांत १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेलें आणि पुढें देशभर पसरलेलें गाजरगवत हें अशा उपद्रवी वनस्पतींचें एक परिचित उदाहरण होय. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर व पापण्यांच्या आंतून जें पातळ आवरण असतें, त्यांत मास्ट पेशी नांवाच्या सूक्ष्म पेशी असतात. पराग डोळ्यांत शिरला कीं ह्या पेशी फुटतात आणि हिस्टॅमिन नांवाचें द्रव्य बाहेर टाकतात. त्या हिस्टॅमिननें खाज सुटते, रक्तवाहिन्या फुगून लाली येते, आणि पाणी वाहूं लागतें.

ह्या एवढ्या साखळींत कोणता थेंब कोठें काम करतो, यावरून औषधांचे मुख्य वर्ग पडतात. एका वर्गांतील थेंब फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून डोळा पांढरा दाखवितात. नॅफॅझोलिन हें त्यांपैकीं एक. त्याच्या जोडीस पुष्कळदां फेनिरॅमिन किंवा क्लोरफेनिरॅमिन यांसारखें हिस्टॅमिनविरोधी द्रव्य घातलेलें असतें. दुसऱ्या वर्गांतील क्रोमोग्लायकेट हें मास्ट पेशींना फुटूं देत नाहीं. परंतु त्याचा गुण येण्यास कांहीं दिवस लागतात, म्हणून तें हंगामाच्या आरंभापासून नियमानें घालावें लागतें. तिसऱ्या वर्गांतील केटोटिफेन, ओलोपॅटाडीन हीं औषधें दोन्ही कामें करतात. सुटलेल्या हिस्टॅमिनला तीं अडवितात आणि पेशींनाही शांत ठेवतात. त्यांचा गुण कांहीं मिनिटांत जाणवूं लागतो आणि कित्येक तास टिकतो. बाटल्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांत भरलेलें काम सारखें नसतें.

आतां किंमतींची तुलना कशी करावी, हें पाहावयास अमेरिकेंतील औषधांच्या दुकानाचें उदाहरण सोयीचें आहे. भारताच्या औषधविषयक कायद्यांत चिठ्ठीवांचून विकावयाच्या औषधांचा असा स्वतंत्र वर्ग सांगितलेला नाहीं. अमेरिकेंत तो आहे. आणि त्या वर्गांतील प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर द्रव्याचें नांव, त्याचें शेंकडा प्रमाण, मात्रा आणि इशारे ठराविक नमुन्यांत छापणें बंधनकारक आहे. शिवाय अनेक वेष्टनांवर ती बाटली किती दिवस पुरेल, हेंही सांगितलेलें असतें. तुलनेला लागणारी सारी सामग्री अशा रीतीनें ग्राहकाच्या हातांतच असते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया येथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही वसंत ऋतूंत ह्याच फळीपुढें उभें राहावें लागतें.

तेथें पूर्वीं नॅफॅझोलिन व फेनिरॅमिन यांच्या मिश्रणाचे थेंबच मुख्यतः विनाचिठ्ठी मिळत. २००६ मध्यें केटोटिफेन खुलें झालें. ओलोपॅटाडीन १९९६ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत होतें. तें २०२० च्या फेब्रुवारींत खुलें झालें. २०२१ च्या डिसेंबरांत ॲल्काफ्टाडीन नांवाचें आणखी एक औषध त्यांच्या पंक्तीस बसलें. म्हणजे पंधरा वर्षांत एकाच फळीवर जुनीं व नवीं, दिवसांतून चारदां घालावयाचीं आणि दिवसांतून एकदांच घालावयाचीं, अशीं नाना औषधें शेजारीं शेजारीं येऊन बसलीं. ग्राहकाचा गोंधळ होऊं लागला तो येथूनच.

तीन बाटल्या घेऊन पाहावें. झॅडिटर ह्या नांवानें विकलें जाणारें केटोटिफेन ५ मिलिलिटरच्या बाटलींत येतें. तें दिवसांतून दोनदां घालावयाचें असून बाटली ३० दिवसांची मानलेली आहे. ॲलवे ह्या नांवाचें केटोटिफेन त्याच प्रमाणाचें आहे. परंतु त्याची बाटली १० मिलिलिटरची, म्हणून ६० दिवसांची. पॅटाडे ह्या नांवाचें ओलोपॅटाडीन एकाहून अधिक प्रमाणांत मिळतें. त्यांपैकीं शेंकडा ०.२ प्रमाणाचें औषध दिवसांतून एकदांच घालावयाचें असतें, आणि त्याची अवघी अडीच मिलिलिटरची बाटली तेवढेच ३० दिवस पुरते.

यांतील गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. मिलिलिटरच्या भावानें पाहणाऱ्यास अडीच मिलिलिटरची बाटली म्हणजे उघड लूट वाटेल. समजा, अडीच मिलिलिटरची बाटली आणि पांच मिलिलिटरची बाटली एकाच किंमतीस मिळत आहेत. मिलिलिटरच्या हिशेबानें पहिली दुप्पट महाग ठरली. परंतु दोन्ही बाटल्या तीसच दिवस पुरतात. म्हणजे दिवसाच्या हिशेबानें दोहोंची किंमत तंतोतंत एकच झाली. उलट, पांच आणि दहा मिलिलिटरच्या बाटल्यांत औषध एकच, प्रमाण एकच, मात्रा एकच. तेथें मात्र मिलिलिटरचा भाव हा खराच भाव होय. म्हणून पहिला नियम असा कीं, औषध आणि मात्रा दोन्ही सारखीं असतील तरच मिलिलिटर मोजावेत; एरव्हीं दिवस मोजावेत.

दुसरी गोष्ट नांवाची. तेथील मोठमोठीं दुकानें आपल्या स्वतःच्या नांवानेंही केटोटिफेन व ओलोपॅटाडीन विकतात. ठळक अक्षरांतील व्यापारी नांव बाजूस सारून वेष्टनाच्या मागील बाजूस सक्रिय द्रव्याचें नांव आणि शेंकडा प्रमाण वाचलें असतां, कित्येकदां दोन्ही वेष्टनें सारखींच निघतात. संरक्षक द्रव्यांत थोडा फरक असूं शकतो, आणि क्वचित् एखाद्यास एक थेंब दुसऱ्याहून अधिक झोंबतो. परंतु खाज थांबविणारें द्रव्य तेंच असतें. भारतांतही एकच ओलोपॅटाडीन अनेक कारखान्यांच्या अनेक नांवांनीं विकलें जातें, आणि त्यांच्या छापील किंमतींत बरेंच अंतर असतें. डॉक्टरांस किंवा औषधविक्रेत्यास "ह्याच द्रव्याचें, ह्याच प्रमाणाचें, दुसऱ्या नांवाचें औषध चालेल काय?" असें विचारण्यांत संकोच वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. द्रव्याच्या मूळ नांवानें औषधें विकणारीं जनऔषधि केंद्रेंही ह्याच तत्त्वावर चाललेलीं आहेत.

आतां हाच हिशेब रुपयांत करून पाहावा. पुढील किंमती केवळ गणितासाठीं धरलेल्या आहेत. दुकानांतील भाव निराळे असतील. गणिताची रीति मात्र बदलणार नाहीं. बाटलीवरील ३० दिवसांच्या हिशेबावरून पाहतां, एका मिलिलिटरांत सुमारें २४ थेंब धरावयास हरकत नाहीं. दोन्ही डोळ्यांना प्रत्येक वेळीं एकेक थेंब, असें समजावें.

पहिली बाटली ५ मिलिलिटरची, दिवसांतून दोनदां घालावयाची, किंमत ९० रुपये. दुसरी ५ मिलिलिटरची, दिवसांतून एकदां घालावयाची, किंमत १५० रुपये. तिसरी १० मिलिलिटरची, दिवसांतून चारदां घालावयाची, किंमत १२० रुपये. मिलिलिटरच्या भावानें पाहिल्यास तिसरी १२ रुपयांस पडते, पहिली १८ रुपयांस आणि दुसरी ३० रुपयांस. वडिलांची दृष्टि अर्थातच तिसरीवर खिळेल.

परंतु थेंब मोजूं लागलें कीं चित्र पालटतें. पहिल्या बाटलींत १२० थेंब. रोज चार खर्च होतात. तीस दिवस पुरली. रोजचे तीन रुपये पडले. तिसरींत २४० थेंब. रोज आठ खर्च होतात. तीही तीसच दिवस पुरली. रोजचे चार रुपये पडले. दुसरींत १२० थेंब. रोज दोनच खर्च होतात. ती कागदावर साठ दिवस पुरावयास हवी, म्हणजे रोजचे अडीच रुपये. मिलिलिटरच्या भावानें जी सर्वांत महाग, तीच दिवसाच्या भावानें सर्वांत स्वस्त ठरूं पाहते!

येथें मात्र वेष्टनावरील एक बारीक अक्षरांतली ओळ आडवी येते. भारतांत विकल्या जाणाऱ्या डोळ्यांच्या औषधांवर सामान्यतः असा इशारा असतो कीं, बाटली उघडल्यापासून एक महिन्याच्या आंत वापरावी. उरलेलें औषध टाकून द्यावें. त्या नियमानें दुसरी बाटली तीस दिवसांनीं अर्धी भरलेली असतांनाच टाकावी लागते, आणि रोजचे अडीच रुपये नव्हेत तर पांच रुपये पडतात. तेंच औषध अडीच मिलिलिटरच्या लहान बाटलींत ७५ रुपयांस मिळालें, तर भाव तोच राहून रोजचा खर्च पुन्हां अडीच रुपयांवर येतो. तेव्हां मोठी बाटली ती स्वस्त, हा किराण्याचा नियम येथें लागू पडत नाहीं. एका महिन्यांत जेवढें संपेल तेवढेंच घेणें, ही डोळ्यांच्या औषधाची काटकसर होय.

उरलेलें औषध टाकण्याच्या नियमास कारण आहे. डोळ्यांत घालावयाचें औषध जंतुरहित असावें लागतें. बाटलीचें टोंक पापणीस लागलें, बोटास लागलें, किंवा झांकण उघडें राहिलें, कीं जंतु आंत शिरण्याचा संभव असतो. संरक्षक द्रव्य त्यांना कांहीं काळच आवरतें. अशुद्ध थेंब किती अनर्थ करूं शकतात, याचें उदाहरण २०२३ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलें. चेन्नईजवळील एका कारखान्यांत तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंशीं संबंध जोडल्या गेलेल्या जंतुसंसर्गानें तेथील १८ राज्यांतील ८१ जणांस ग्रासलें. त्यांपैकीं चौघे दगावले, आणि कित्येकांची दृष्टि गेली. तो दोष बाटली घरीं येण्यापूर्वींचा होता, हें खरें; परंतु घरांत उघडी राहिलेली बाटली त्याच धोक्याची धाकटी बहीण आहे. एकाच बाटलींतून साऱ्या घरानें थेंब घालून ती महिन्याच्या आंत संपविणें, ही देखील काटकसर नव्हे. ज्याची बाटली त्यालाच असावी.

जो पैसा दुकानांत वांचतो, तो पुष्कळदां गालावरून ओघळून जातो. मनुष्याच्या डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो सुमारें ७ मायक्रोलिटरचा. पापणीच्या खळग्यांत अधिकांत अधिक ३० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो. बाटलींतून पडणारा एक थेंब मात्र बहुधा ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकच थेंब डोळा भरून सांडावयास पुरेसा आहे. "गुण लवकर यावा" म्हणून घातलेला दुसरा थेंब पहिल्यास धुऊन काढतो आणि स्वतःही बाहेर पडतो. जे घर दर वेळीं दोन थेंब घालतें, तें प्रत्येक बाटली दुप्पट किंमतीस विकत घेतें. मग ती कोणत्याही दुकानांतून घेतलेली असो.

थेंब घालण्याची रीति सोपी आहे. हात स्वच्छ धुवावे. मान मागें टाकून खालची पापणी बोटानें हळूच ओढावी. तेथें जी लहानशी खोबण होते, तींत, बाटलीचें टोंक कोठेंही न टेंकवितां, एक थेंब सोडावा. नंतर डोळा अलगद मिटून नाकालगतच्या कोपऱ्यावर बोटानें मिनिट-दोन मिनिटें हलकासा दाब द्यावा. तेथून अश्रूंची नळी नाकांत उतरते; दाबानें ती बंद राहते, औषध डोळ्यांतच टिकतें, आणि घशांत कडवट चव उतरत नाहीं. दोन निरनिराळीं औषधें घालावयाचीं असल्यास मध्यें निदान पांच मिनिटें जाऊं द्यावींत. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनीं ती आधीं काढावी आणि निदान दहा मिनिटांनीं पुन्हां बसवावी. मूल रडत असेल, डोळा मिटून घेत असेल, तर त्यास उताणें निजवून मिटलेल्या पापणीच्या आंतल्या कोपऱ्यावर थेंब ठेवावा. डोळा उघडतांच तो आपोआप आंत जातो.

येथेंच मात्रेचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. दिवसांतून चार वेळां घालावयाचें औषध शाळेंत जाणाऱ्या मुलास दुपारीं कोण घालणार? बाई वर्गांत असतात, आई घरीं असते, बाटली दप्तरांत असते. चारांपैकीं दोन वेळा चुकल्या, तर औषध निम्में लागू पडलें. परंतु पैसे पूर्णच गेले. अशा घरास सकाळीं व संध्याकाळीं, किंवा सकाळीं एकदांच, घालावयाचें औषध थोडें महाग पडलें तरी वस्तुतः स्वस्त असतें. जो थेंब वेळेवर डोळ्यांत पडतच नाहीं, त्यासारखा महाग थेंब नाहीं.

आतां त्या डोळा पांढरा करणाऱ्या थेंबांकडे वळावें. मिलिलिटरच्या भावानें ते पुष्कळदां सर्वांत स्वस्त पडतात, आणि त्यांचा गुण आरशांत तत्काळ दिसतो. म्हणून ते लोकप्रियही आहेत. अमेरिकेंत नॅफॅझोलिन व फेनिरॅमिन यांच्या मिश्रणाची १५ मिलिलिटरची बाटली मिळते. दिवसांतून चारदां एकेक थेंब घातला तर ती गणितानें दीड महिना पुरेल. परंतु त्याच वेष्टनावर असेंही छापलेलें असतें कीं, लाली किंवा खाज ७२ तासांहून अधिक टिकली तर औषध थांबवून डॉक्टरांस दाखवावें. तीन दिवसांपुरतें जें औषध, त्याच्या दीड महिन्याच्या सांठ्यास स्वस्त कसें म्हणावें? त्याहून वाईट हें कीं, अशा थेंबांची संवय लागली कीं ते थांबवितांच रक्तवाहिन्या पूर्वींपेक्षां अधिक फुगतात. डोळा अधिक लाल होतो, आणि ती लाली घालविण्यास मनुष्य पुन्हां तेच थेंब घालतो. बाटली संपते, लाली संपत नाहीं. काचबिंदूचा एक प्रकार, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनीं तर हे थेंब विचारल्यावांचून वापरूंच नयेत. लहान मुलानें अशी बाटली तोंडास लावल्यास एक-दोन मिलिलिटर पोटांत गेल्यानेंही गंभीर परिणाम होऊं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०१२ मध्यें दिलेला आहे. ह्या थेंबांचा उपयोगच नाहीं असें नव्हे. परंतु हंगामभराच्या विकारास ते योग्य नव्हेत.

तथापि सर्वांत महाग पडणारी बाटली याहूनही निराळी आहे, आणि तिची छापील किंमत पुष्कळदां फारच थोडी असते. उष्ण व कोरड्या हवेच्या प्रदेशांत, आणि म्हणून भारतांतही, पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, डोळ्यांच्या ॲलर्जीचा एक चिवट प्रकार आढळतो. उन्हाळा आला कीं तो बळावतो. डोळ्यांतून दोरीसारखा चिकट स्राव येतो. उजेड सहन होत नाहीं. डॉक्टर अशा मुलास कांहीं दिवसांपुरतें स्टेरॉइडचें औषध देतात. त्यानें विलक्षण आराम पडतो. पुढील उन्हाळ्यांत डोळे पुन्हां लाल होतात. आईला तें जुनें नांव आठवतें. वडील जुनी चिठ्ठी किंवा रिकामी बाटली दाखवून तेंच औषध आणतात. एका बाटलीच्या दोन होतात, दोहोंच्या दहा होतात. मूल हंसतें, खेळतें, अभ्यास करतें. घरास वाटतें, थोड्या पैशांत काम झालें.

आंत मात्र निराळेंच चाललेलें असतें. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेड्निसोलोन यांसारखीं स्टेरॉइडें देखरेखीवांचून दीर्घकाळ घातलीं असतां कांहीं जणांच्या डोळ्यांतील दाब वाढत जातो. तो दुखत नाहीं, लाल दिसत नाहीं, आणि मुलास सांगतां येत नाहीं. वाढलेला दाब दृष्टीची नस हळूहळू मारीत जातो. त्यालाच काचबिंदु म्हणतात. बाहेरच्या कडेनें दृष्टि आकसत येते, आणि फळ्यावरचें दिसेनासें झालें म्हणून जेव्हां मुलास तपासावयास नेतात, तेव्हां गेलेली दृष्टि परत आणण्याचा उपाय कोणाच्याही हातीं राहिलेला नसतो. कांहींच्या डोळ्यांत मोतीबिंदूही लवकर येतो. भारतांतील नेत्रवैद्यांनीं अशीं मुलें वारंवार पाहिलेलीं आहेत. स्टेरॉइड हें वाईट औषध नव्हे. योग्य वेळीं, योग्य दिवसांपुरतें आणि डोळ्यांचा दाब मोजीत मोजीत दिलें तर तें दृष्टि वांचवितें. वाईट आहे ती जुनी चिठ्ठी. कित्येकदां तें जंतुनाशक औषधाशीं मिसळून एकाच बाटलींत येतें, आणि व्यापारी नांवावरून त्याचा मागमूसही लागत नाहीं. म्हणून बाटली घेतांना बारीक अक्षरांतील द्रव्यांचीं नांवें वाचावींत, वाचतां न आल्यास विक्रेत्यास स्पष्ट विचारावें, "यांत स्टेरॉइड आहे काय?" ह्या एका प्रश्नास कांहीं पैसे पडत नाहींत.

ह्या दृष्टीनें पाहतां, हिशेबांतील जी रक्कम घरास सर्वांत जड वाटते, ती म्हणजे नेत्रवैद्याची पहिली फी, तीच साऱ्या तुलनेचा पाया आहे. हा विकार ॲलर्जीचाच आहे, हें एकदां ठरलें म्हणजेच कोणती बाटली स्वस्त, हा प्रश्न विचारण्यास अर्थ येतो. डोळा दुखत असेल, दिसणें अंधुक झालें असेल, उजेडाकडे पाहवत नसेल, पिवळा पू येत असेल, एकाच डोळ्यास त्रास असेल, किंवा तीन दिवसांत उतार पडला नसेल, तर किंमतींची तुलना तेथेंच थांबवावी आणि डॉक्टरांकडे जावें.

शेवटीं, ज्यांस मुळींच किंमत पडत नाहीं अशा उपायांचाही ह्या हिशेबांत उल्लेख झाला पाहिजे. बाहेरून आल्यावर हातपाय धुतांना तोंड व मिटलेल्या पापण्या स्वच्छ पाण्यानें धुवाव्या. स्वच्छ रुमाल थंड पाण्यांत भिजवून, पिळून, पांच-दहा मिनिटें डोळ्यांवर ठेवावा. थंडाव्यानें खाज पुष्कळ शमते. वाऱ्याच्या वेळीं खिडक्या मिटाव्या. केर काढतांना, अंथरुणें झटकतांना मुलास दुसऱ्या खोलींत पाठवावें. उशांचे अभ्रे आठवड्यास गरम पाण्यांत धुवावे. बाहेर जातांना चष्मा लावावा. आणि डोळे चोळणें हरप्रयत्नें टाळावें. कारण चोळण्यानें आणखी पेशी फुटून खाज वाढते, आणि वर्षानुवर्षें जोरानें चोळल्यास बुबुळाचा आकारही बिघडूं शकतो. ह्या साध्या उपायांनीं दिवसाचे थेंब एक-दोन कमी लागले, तर ती बचत कोणत्याही दुकानांतील सवलतीपेक्षां मोठी आहे.

आरंभींचे वडील अजून दुकानांत उभे आहेत, असें समजावें. त्यांच्यापुढें त्याच चार बाटल्या आहेत. आतां त्यांनीं किंमत पाहण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. यांत द्रव्य कोणतें व किती प्रमाणांत आहे? तें दिवसांतून किती वेळां घालावयाचें? उघडल्यावर बाटली किती दिवस चालते? आणि यांत स्टेरॉइड आहे काय? चारही उत्तरें मिळालीं म्हणजे किंमतीला दिवसांनीं भागावें. भागाकार कागदाच्या एका कपट्यावर होतो, आणि त्यास दोन मिनिटें पुरतात. घरीं त्या मुलाचे दोन डोळे वाट पाहत आहेत. त्यांना ह्या उन्हाळ्यांत आराम पडला पाहिजे, आणि पुढच्या पन्नास उन्हाळ्यांत दिसलेंही पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी ज्या बाटलींत कमींत कमी पैशांत मिळतात, तीच बाटली स्वस्त.